खाऊचा डबा उंच फळीवर ठेवू नका

पत्र

ताई, नमस्कार.

मी सांगलीत एका पतसंस्थेत नोकरी करतो. वय ४१. दोन वर्षांपूर्वी बायको कॅन्सरनं गेली. मुलगी सहावीत आहे, मुलगा पहिलीत. आई गावी असते, वडिलांचं दुखणं सोडून तिला इकडं येता येत नाही. पहाटे पाचला उठतो, डबे करतो, मुलांचं आवरून कामाला जातो. घरी यायला सात वाजतात. शाळा पाचला सुटते. मुलगी भावाला घेऊन घरी येते आणि मी येईपर्यंत दोघंच असतात. सगळे म्हणतात, फार खंबीर माणूस आहे. कुणासमोर रडलो नाही.

पण रात्री मुलं झोपली की मी फरसाणाचा पुडा घेऊन टीव्हीसमोर बसतो आणि संपेपर्यंत थांबत नाही. भूक नसते. कधी वेफर्स, कधी बाकरवडी, काहीच नसलं तर मुलांची बिस्किटं. खाताना डोकं शांत होतं. संपलं की स्वतःचीच चीड येते. अकरा किलो वजन वाढलंय. पूर्वी बायको पातळ पोह्यांचा चिवडा करायची, मोठा डबा भरून. तो मी मूठभरच खायचो.

ती गेल्यापासून येताना रोज मुलांना काहीतरी खाऊ आणतो. तेवढ्यापुरते त्यांचे चेहरे खुलतात. गेल्या आठवड्यात मुलीची गादी उचलली तर खाली वेफर्सची सात-आठ रिकामी पाकिटं. मी ओरडलो. ती एक शब्द बोलली नाही. रात्रभर मला झोप लागली नाही, कारण हे ती कुणाचं बघून शिकली ते मला कळत होतं. आई गेली त्या दिवशी मीच तिला सांगितलं होतं, "आता रडायचं नाही, तू मोठी आहेस, खंबीर राहायचं." नंतर ती रडलेली मी खरंच पाहिली नाही.

बहीण म्हणते, घरात आणणंच बंद कर, डबा उंच ठेव, दोघांच्याही जिभेला लगाम हवा. तसं करू का? आणि मुलांना खंबीर कसं करायचं? मीच एवढा कच्चा निघालो.

— एक बाप, सांगली

उत्तर

दादा,

आधी बहिणीच्या सल्ल्याबद्दल बोलते, कारण तो तुम्ही उद्याच अमलात आणाल असं मला वाटतंय. डबा उंच ठेवू नका. बहिणीचा हेतू चांगला आहे, भावाच्या काळजीनंच ती बोलली. पण मुलांपासून खाऊ लपवला की खाऊची ओढ वाढते. अमेरिकेत जेनिफर फिशर आणि लिअन बर्च या दोघींनी लहान मुलांवर एक साधा प्रयोग केला होता, तो १९९९ साली प्रसिद्ध झाला. एक खाऊ पारदर्शक बरणीत, सगळ्यांना दिसेल असा ठेवला आणि तो ठरावीक वेळीच घ्यायची मुभा दिली. दुसरा तसाच खाऊ केव्हाही घ्यायला मोकळा. मुलं बोलत राहिली ती बरणीतल्या खाऊबद्दल. मागितला तोच, आणि हाती आल्यावर जास्त घेतला तोही तोच. तुमच्या घरात तर ही गोष्ट आणखी एक पायरी पुढं गेलेली आहे. तुमची लेक आधीच लपून खातेय. डबा वर गेला तर गादीखालची पाकिटं दप्तरात जातील, एवढाच फरक पडेल.

आता तुमच्या रात्रीबद्दल.

"भूक नसते, तरी खाताना डोकं शांत होतं" असं तुम्ही लिहिलंय. हे तुमच्या मनाचे खेळ नव्हेत. ताण महिनोन् महिने चालू राहिला की शरीरात कॉर्टिसॉल नावाचं संप्रेरक चढं राहतं आणि माणसाचा हात गोड, तळलेल्या, खारट पदार्थांकडे जातो. सॅन फ्रान्सिस्कोमधल्या मेरी डॉलमन यांच्या गटानं २००३ मध्ये यावर एक महत्त्वाची मांडणी केली. सततच्या ताणाखालचे उंदीर साखर आणि चरबी मिळाली की त्यांवर भर देतात. ती पोटात गेली की मेंदूतली ताणाची यंत्रणा थोडी मंदावते, आणि चरबी पोटाभोवती साठत जाते. माणूस उंदीर नसला तरी तुमच्या पत्रातल्या ओळी आणि ही मांडणी शेजारी ठेवून वाचल्या तर फार वेगळ्या वाटत नाहीत. दोन वर्षं तुम्ही एकट्यानं घर ओढताय. रात्री साडेदहाला शरीर विसावा मागतं आणि त्या वेळी घरात हाताशी असतो फक्त तो पुडा.

पण आणखी एक प्रयोग तुम्हाला सांगायलाच हवा. मिनेसोटा विद्यापीठातल्या ट्रेसी मान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो केला, २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याला पैसा नासानं दिला होता, कारण लांबच्या मोहिमेवर गेलेल्या अंतराळवीरांचं मन खाण्यानं सावरता येईल का, हा त्यांचा प्रश्न होता. लोकांना आधी मन उदास करणारे चित्रपटाचे तुकडे दाखवले. मग काहींना त्यांचा जिवाभावाचा, मन रमवणारा पदार्थ दिला, काहींना दुसरंच काही खायला दिलं, आणि काहींना काहीच दिलं नाही, नुसतं बसवून ठेवलं. थोड्या वेळानं सगळ्यांचंच मन सावरलं, आणि जवळपास सारखंच सावरलं. काहीही न खाता बसलेल्यांचंसुद्धा. म्हणजे रात्री तुम्हाला जो आराम पडतो, त्याचं सगळं श्रेय तुम्ही फरसाणाला देताय. त्यातला बराचसा हिस्सा नुसतं बसण्याचा आहे. दिवसभरात पहिल्यांदा तुमच्याकडून कुणी काही मागत नसतं. ती लाट तशीही ओसरली असती. हे मी तुम्हाला टोचायला सांगत नाही. ओसरणं तुमच्या आत आहे, पुड्यात नाही, एवढं तुम्हाला कळावं म्हणून सांगते.

मग थांबता का येत नाही? त्याला तुमचा कच्चेपणा कारणीभूत आहे असं मला अजिबात वाटत नाही. केविन हॉल यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत २० माणसांना महिनाभर एका ठिकाणी ठेवून घेतलं, तो प्रयोग २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन आठवडे कारखान्यात तयार होणारं पाकीटबंद धर्तीचं खाणं, दोन आठवडे घरच्यासारखं साधं खाणं, आणि दोन्ही वेळा हवं तेवढं खायची मोकळीक. पाकीटबंद खाण्याच्या दिवसांत माणसं रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होती, आणि त्यांचा खाण्याचा वेगही जास्त होता. आणि ही धडधाकट माणसं होती. वेफर्स जिभेवर विरघळून जातात, पोटाला खबर लागायच्या आत पाकीट रिकामं होतं. त्यात तुम्ही पहाटे पाचला उठता. झोपायला बारा तरी वाजत असतील. शिकागोतल्या, २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १२ तरुणांना फक्त दोन रात्री चार-चार तास झोपू दिलं, तर भूक लावणारं घ्रेलिन हे संप्रेरक २८ टक्क्यांनी वाढलं आणि पोट भरल्याची जाणीव देणारं लेप्टिन १८ टक्क्यांनी घटलं. दोन रात्रींत ही अवस्था. तुमची तर दोन वर्षं झाली.

आणि जेवताय का नीट? तुमच्या पत्रात डब्यांचा उल्लेख आहे, मुलांच्या खाऊचा आहे. तुमच्या ताटाचा कुठंच नाही. मला खात्रीनं वाटतं की तुम्ही मुलांना वाढता, त्यांचं उरलंसुरलं ओट्यापाशी उभ्यानं संपवता आणि त्यालाच जेवण म्हणता. एकट्यानं मुलं वाढवणाऱ्या बायका आणि पुरुष, सगळ्यांच्याच पत्रांत हे ओळींच्या मधून दिसतं. आठ वाजता तिघांनी एकत्र बसायचं, तुमचंही ताट वाढलेलं, भाकरी, भाजी, आमटी-भात, हवं तर कांदा फोडून. हे एवढं झालं तरी रात्रीच्या पुड्याची निम्मी गरज संपते.

पुडा संपल्यावर येणारी चीड मात्र घातक आहे. ती तुम्हाला सुधारत नाही, पुढच्या रात्रीची तयारी करते. "आज वाट लागलीच आहे, आता काय राहिलंय" असं म्हणून माणूस उरलेलंही संपवतो. क्लेअर ॲडम्स आणि मार्क लिअरी यांनी २००७ मध्ये कॉलेजातल्या मुलींना डोनट खायला दिला. काहींना त्यानंतर एवढंच सांगितलं की असं सगळेच कधी ना कधी खातात, स्वतःवर एवढं रागावू नका. मग सगळ्यांसमोर चॉकलेट-गोळ्या ठेवल्या. ज्या मुली एरवी खाण्यावर कडक पहारा ठेवतात आणि खाल्लं की अपराधी होतात, त्यांच्यापैकी ज्यांनी ते मायेचे दोन शब्द ऐकले होते त्यांनी कमी खाल्लं. ज्यांना कुणी काही बोललं नव्हतं त्यांनी जास्त. तेव्हा उद्या रात्री पुडा संपला तर स्वतःला शिव्या घालू नका. "आज फार दमलो होतो" असं म्हणा, मोठ्यानं म्हणा, आणि दिवा मालवून झोपा.

आता मला मुख्य गोष्टीकडे यायचंय.

आपल्याकडे ज्या घरात माणूस जातं, त्या घरात चूल पेटवत नाहीत. शेजारपाजारचे, भावकीतले लोक पिठलं-भात, भाकरी घेऊन येतात. कितीतरी ठिकाणी त्याला कडू घास म्हणतात. तुमच्याही घरी तो आला असेल. आठवून बघा, ते जेवण नुसतं दाराशी ठेवून कुणी गेलं नाही. कुणीतरी शेजारी बसलं, "दोन घास खा" म्हणालं, तुम्ही नको म्हणालात तरी ताटात वाढलं. त्या घासाबरोबर माणूस होतं. तेराव्यानंतर माणसं आपापल्या घरी गेली, ज्याचा त्याचा संसार आहे, त्यांना दोष नाही. मात्र त्यानंतर तुमच्या घरात खाणं येत राहिलं आणि त्याच्याबरोबर येणारं माणूस यायचं थांबलं. तुम्ही रात्री पुड्यात तेच शोधताय, आणि तुमची अकरा वर्षांची लेक गादीत तोंड खुपसून तेच शोधतेय. एकाच घरात, एका भिंतीच्या अंतरावर, एकमेकांना कळू न देता.

यात लाजण्यासारखं काही नाही. चव आणि माणूस यांची गाठ खोल असते. बफलो विद्यापीठातल्या जॉर्डन ट्रॉयसी आणि शिरा गॅब्रिएल यांनी २०११ मध्ये हेच तपासलं. मन निववणाऱ्या पदार्थाची नुसती आठवण काढून त्याबद्दल लिहिलं, तरी जिवाभावाच्या नात्यांचा अनुभव असलेल्या माणसांचं एकाकीपण कमी झालं. तुमच्या पत्रातही ते आहे. बायकोचा चिवडा डबाभर असायचा आणि तुम्ही मूठभर खायचात. कारण तो खाताना ती समोर होती. तिच्याशी बोलणं चालू होतं. बाजारचं फरसाण तुम्ही कितीही खाल्लंत तरी ते तिथवर पोचत नाही, म्हणून हात थांबत नाही.

तेव्हा माझा पहिला सल्ला: या रविवारी तिघं मिळून तो चिवडा करा.

पातळ पोहे लेकीला चाळायला द्या. मंद आचेवर, थोडे थोडे, चुरगळतील इतके कुरकुरीत होईपर्यंत परतायचे. घाई केली तर ते आक्रसतात. धाकट्याला डाळं आणि शेंगदाणे मोजायला सांगा, त्यातले चार त्यानं तोंडात टाकले तर टाकू द्या. सुक्या खोबऱ्याचे काप तुम्ही करा, सुरी आहे. तेलात आधी शेंगदाणे, मग खोबरं, मग डाळं. मोहरी, हिंग, मिरचीचे तुकडे. कढीपत्ता पुसून कोरडा करून घ्या आणि पान हातात मोडेल इतका तळा, ओला राहिला तर सगळा चिवडा सादळतो. हळद घातली की गॅस बारीक, मग पोहे, मीठ, थोडी पिठीसाखर, आणि खालून वर हलक्या हातानं.

तो तिच्यासारखा होणार नाही. लेक म्हणेल, "आईच्यात बडीशेप असायची." तुम्ही म्हणाल, धणे असायचे. ती म्हणेल, "नाही पप्पा, मी बघितलंय." आणि तुमच्या घरात दोन वर्षांनी त्या बाईबद्दल एक साधं वाक्य बोललं जाईल, आजाराबद्दलचं नाही, दवाखान्याबद्दलचं नाही, तिच्या हाताबद्दलचं. त्या वेळी लेकीचे डोळे भरले तर कढई खाली उतरवा आणि तिच्याजवळ बसा. तुमचे भरले तर पुसायला आत जाऊ नका. तिथंच राहा.

कारण "रडायचं नाही" हे तुम्ही तिला सांगितलंत, आणि ते परत घ्यायचं कामही तुम्हालाच करावं लागेल. तिनं ते आदेशासारखं पाळलंय. त्या दिवशी तुम्ही स्वतः कोलमडलेले होतात, दोन लेकरं समोर होती, तोंडातून जे निघालं ते निघालं. त्याची उठाठेव आता नको. पण मुलांचं दुःख मोठ्यांसारखं एकसलग चालत नाही. मूल सकाळी हसतं, खेळतं, आणि संध्याकाळी कंपासपेटी सापडली नाही म्हणून आईसाठी रडतं. बापाला वाटतं कंपासपेटीसाठी रडतेय. आणि रडायचीच बंदी असेल तर ते दुसरी वाट काढतं. तुमच्या घरात ती गादीखाली निघाली.

तिला काय म्हणायचं ते सुचत नसेल तर हे म्हणा: "मी त्या दिवशी पाकिटांवरून ओरडलो, ते मला नको होतं करायला. मीपण रात्री तू झोपल्यावर फरसाण खातो. मला आई आठवते तेव्हा जास्त खातो. तुला कधी असं होतं?" एवढं बोलून गप्प बसा. ती लगेच बोलणार नाही. कदाचित "काही नाही" म्हणून उठून जाईल. जाऊ द्या. उत्तर चार दिवसांनी, स्कूटरवर मागं बसलेली असताना येईल, तुमचं तोंड पुढं असताना. मुली त्या वयात अशाच बोलतात. पाकिटं कुठून आणली, पैसे कुठले, ही चौकशी आत्ता करू नका.

तुम्ही रोज आणता त्या खाऊबद्दल. तो बंद करा असं मी म्हणणार नाही. बापानं येताना काहीतरी आणावं आणि पोरांनी पिशवीकडं धाव घ्यावी, यात आपल्याकडचं प्रेम बोलतं. पण नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाइम शहरात सिल्ये स्टाइन्सबेक यांच्या गटानं मुलांना वर्षानुवर्षं पाहून २०१८ मध्ये एक निष्कर्ष मांडला: ज्या चार-सहा वर्षांच्या मुलांना आईबाप रडू आलं की खायला देऊन गप्प करतात, ती आठ-दहा वर्षांची झाल्यावर मन बिघडलं की खाण्याकडे जास्त वळतात. तुमचा धाकटा आज बरोबर त्या वयात आहे. म्हणून खाऊ द्या, पण पडलेल्या चेहऱ्यावरचं औषध म्हणून देऊ नका. चेहरा पडलेला दिसला तर आधी विचारा, जवळ घ्या, मग खाऊ. आठवड्यातून दोन-तीन दिवस पिशवीत पेरू, केळी, चिकू, भाजलेल्या शेंगा असू द्यात. आणि तुम्ही चपला काढल्यावर पहिली दहा मिनिटं पिशवी बाजूला ठेवून त्यांच्याजवळ बसा. मुलांनी धाव घ्यावी ती आधी तुमच्याकडं.

पाच ते सात ही वेळ मला रात्रीपेक्षा जास्त काळजीची वाटते. सहावीतली मुलगी शाळेतून येते तेव्हा ती खरोखर भुकेलेली असते. तिचं अंग वाढतंय, या वयात भूक वाढतेच. रिकामं घर, लहान भाऊ, आणि कपाटात वेफर्स. दुसरं काही तयार नसेल तर ती काय खाणार? सकाळी डबे करताना तिसरा एक डबा भरा, तिच्या संध्याकाळचा. तुमच्याकडचं भडंग उत्तम, त्यात तिनं कांदा, टोमॅटो, काकडी घालून घ्यावी. दही-पोहे, उकडलेली अंडी, गूळ-शेंगदाणे, चपातीचा तूप-गुळाचा लाडू. पोट भरलेलं असलं की मग जे खाणं उरतं ते कशासाठी आहे, हे तिलाही कळेल आणि तुम्हालाही. साडेपाचला कामावरून फोन करा. "अभ्यास झाला का" हा प्रश्न सोडून काहीही विचारा. आणि शेजारच्या एखाद्या काकूंना सांगा की तासाभरानं डोकावून जा. मदत मागायला तुम्हाला जड जाईल. तुम्ही खंबीर म्हणून नावाजलेले. मागा.

यावरून तुमचा शेवटचा प्रश्न, मुलांना खंबीर कसं करायचं.

हवाई बेटांपैकी काउआई नावाचं एक बेट आहे. तिथं १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चाळिशीपर्यंत मागोवा घेतला. त्यातली साधारण एक तृतीयांश मुलं अतिशय कठीण परिस्थितीत वाढत होती. गरिबी, घरातली भांडणं, आईबापांचं आजारपण. तरी त्यांतली एक तृतीयांश मुलं मायाळू, कर्ती, स्वतःच्या पायावर उभी राहिलेली माणसं झाली. त्यांच्यात काय सापडलं? अश्रू गिळायची ताकद नव्हे. त्यांना लहानपणी निदान एक तरी खात्रीचं माणूस लाभलं होतं. आईबाप नसतील तर आजी, मावशी, शिक्षिका, शेजारीण. आणि बऱ्याच जणांवर घरातली एखादी खरी जबाबदारी होती. तुमच्या लेकीकडे जबाबदारी आहे, भावाला रोज सांभाळून आणते. ती कधी कुणी तोंडभरून बोलून दाखवली का? आज दाखवा. आणि आठवड्यातला एखादा दिवस ती जबाबदारी तिच्यावरून काढा, त्या दिवशी ती मैत्रिणीकडं जाऊ दे.

खात्रीचं माणूस म्हणजे कधीच न डगमगणारं माणूस, असा तुमचा समज आहे. लेकीला तसा बाप नको आहे. तिला असा बाप हवा आहे ज्याच्यासमोर आईचं नाव काढलं तर तो विषय बदलणार नाही.

तुमच्या बहिणीलाही यात एक मोठं काम आहे, आणि ते डबा उंच ठेवण्यापेक्षा कितीतरी गरजेचं आहे. मुलीची पाळी वर्षा-दोन वर्षांत सुरू होईल, कदाचित आधीच. तिला हे सगळं कोण सांगणार? तुम्ही सांगू शकता, सांगितलंत तर मला आनंदच आहे, पण तिला एक बाईमाणूसही हवं. मावशी असेल तर मावशी, नाहीतर आत्या. सुट्टीत चार दिवस येऊन राहायला सांगा, आणि खाण्यावरून, अंगावरून एक शब्दही बोलायचा नाही ही अट घाला. "जाड झालीस" हे वाक्य तुमच्या घरात कुणाच्याही तोंडी येता कामा नये.

तुमच्या साडेदहाच्या वेळेचं काय? पुडा एकदम बंद करू नका, टिकणार नाही. वाटीत काढा, पुडा परत आत ठेवा, टीव्ही बंद करून खा. वाटी संपल्यावर अजून हवं वाटलं तर घ्या, पण उठून, आत जाऊन, वाटीतच. आठवड्यातून दोन रात्री त्या वेळी एखाद्या मित्राला फोन करा, ज्याच्याशी क्रिकेट सोडून दुसरंही बोलता येतं. बायको गेलेल्या पुरुषाला लोक "मुलं कशी आहेत" विचारतात, "तू कसा आहेस" असं फार थोडे विचारतात. ज्यानं एकदा तरी विचारलं असेल, त्याला फोन करा. आणि अकराला आडवे व्हा. सकाळचे डबे थोडे साधे झाले तरी चालतील.

आता डॉक्टरांचं. दोन वर्षांत अकरा किलो वाढ, अपुरी झोप आणि वय ४१. उपाशीपोटीची साखर, एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर), कोलेस्टेरॉल आणि रक्तदाब तपासून घ्या. रात्री भराभर, पोट दुखेपर्यंत खाणं आणि थांबताच न येणं हे आठवड्यातून एकदा तरी, सलग तीन महिने होत असेल, तर त्याला वैद्यकशास्त्रात आजाराचं नाव आहे आणि त्यावर उपचार आहेत. मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. तुमच्या पत्रावरून तुम्ही त्या रेषेच्या जवळ आहात असं मला वाटतं. लेकीच्या बाबतीत मात्र काही गोष्टी दिसल्या तर वाट पाहू नका: खाऊन झाल्यावर उलटी काढणं, जेवण टाळणं, अभ्यासातून आणि मैत्रिणींतून मन पूर्ण उडणं, स्वतःला इजा करणं, किंवा "मला आईकडं जायचंय" असं बोलणं. त्याच दिवशी डॉक्टर गाठा. सरकारची टेलिमानस ही हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे, मराठीत बोलता येतं. ती फक्त लेकीसाठी आहे असं समजू नका. पुडा हातात असताना रात्री पावणेअकराला तुम्हीही तो नंबर लावू शकता.

रक्ताची तपासणी याच आठवड्यात करा, कामावर जायच्या आधी, उपाशीपोटी. रिपोर्ट आले की लिहा, आणि चिवड्यात बडीशेप होती की धणे तेही कळवा.

— तुमची ताई